कल्ले बघितल्याशिवाय

पार्किन्सनची खूण रक्तात सापडते का, याचा शोध रत्नागिरीच्या एका रुग्णालयात चालला होता. तुलनेसाठी निरोगी माणसांचेही रक्त लागते, म्हणून मी गेलो होतो. शेजारी एक मासळीवाली नवऱ्यासह बसली होती. आपला थरथरणारा उजवा हात तो डाव्याखाली झाकत होता.

“माझा आजार तर कळला. आता रक्त कशाला देऊ?” तो कुरकुरला.

“तुमचा कळायला किती डॉक्टर झाले? पुढच्यांचा लवकर कळू दे. कल्ले बघितल्याशिवाय मासा तरी कोण घेतो काय आपल्याकडून?”

“म्हणजे मी बांगडा?”

“बांगडा कुठले! सुका बोंबील!”

तो खदखदून हसला आणि झाकलेला हात त्याने पुढे केला. आता तो आजाराने थरथरत होता की हसण्याने, हे मला ओळखता आले नाही.