गोड करू नका

"गोड करू नका." हे तो चहावाल्यालाही सांगायचा आणि आम्हालाही. चहावाला निदान ऐकायचा.

आम्ही म्हणजे सोलापुरातला चौघांचा बँड. गिटार माझ्याकडे, बेस गिटार श्रीनिवासकडे, ड्रमवर इम्रान आणि हा गायचा. गायचा म्हटलेलं त्याला चालत नसे. "मी गात न्हाय, सांगतो," म्हणायचा. आमचं संगीत हार्डकोर पंक. तुम्ही ऐकलं नसेल तर एवढंच सांगतो, की गाणं चहा निवायच्या आत संपतं, वाद्यं जीव खाऊन पळतात आणि गायक सुराच्या वाटेला न जाता छातीतून ओरडतो.

दिवसभर मात्र हाच माणूस सात रस्त्याजवळ मोटारसायकलींच्या सर्व्हिसिंग सेंटरमध्ये काउंटरवर असायचा, आणि तिथं इतकं हळू बोलायचा की गिऱ्हाइकं कान पुढे करून "काय म्हणालात?" विचारायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळीकडे दबकून वागतात आणि एकाच ठिकाणी तोंड उघडतात. मी समोरच फ्लेक्स छापायच्या दुकानात डिझाइन करायचो. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कॉम्प्युटरवर परदेशी बँडचे व्हिडिओ बघायला तो यायचा. शब्द एकही कळायचा नाही. "पन माणूस चिडलाय ह्ये कळतंय की," एवढंच म्हणायचा आणि डबा उघडायचा.

तो अक्कलकोटच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मराठीत बोलता बोलता कानडीत जायचा आणि बोलणं संपलं की "आयतु" म्हणायचा. म्हणजे झालं, मिटलं. शहरात त्याच्या विधवा आत्याकडे राहायचा. दोन खोल्या, वरचा मजला, नळ खाली. त्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड यायचं आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. एकदा आत्या भरलेली घागर घेऊन जिना चढताना घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा नीट चालली नाही.

त्यावर त्याने गाणं केलं. आमच्या सगळ्या गाण्यांत तेच खरं गाणं होतं.

नळाला कान लावून बसलंय घर,
पाणी आलं तर उठव, न्हाईतर मर.

श्रीनिवासच्या काकांनी माग विकून टाकले होते. त्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सराव करायचो. शेवटच्या "मर"ला तो डोळे मिटायचा आणि गळ्याच्या शिरा तटतटून वर यायच्या. इम्रान म्हणायचा, या शब्दाला काठी आपोआप जोरात पडते.

पण ऐकणार कोण? एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही ते वाजवलं. अर्धं सभागृह उठून गेलं आणि एक सर धावत स्टेजमागे आले. माइक बिघडलाय असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी खरोखरच वायर काढून पुन्हा लावली. त्यानंतर आम्हाला कुणी बोलावलं नाही. इम्रानच्या घरचे विचारू लागले, हे अजून किती दिवस? विचारण्यासारखंच होतं.

मग श्रीनिवासने त्या गाण्याचा वेग कमी केला. चाल बांधली. "नळाला"चं "दाराला" केलं आणि "न्हाईतर मर" काढून तिथे "येऊ दे गं सर" घातलं. पावसाची सर. मी श्रीनिवासच्या बाजूने होतो आणि आजही सांगतो, चाल उत्तम होती. तिथेच तर सगळी पंचाईत झाली. वाईट असती तर भांडण सोपं होतं.

त्याने ऐकलं आणि "गोड करू नका" म्हणून निघून गेला. सरावाला येईना. शेवटी श्रीनिवास माझी गिटार घेऊन त्याच्या घरीच गेला, मीही गेलो. आत्या खाटेवर पडून होती. तिला विरंगुळा म्हणून श्रीनिवासने ती चाल वाजवली, आणि आत्याच भाच्याला म्हणाली, "ह्ये म्हन की. आदी वराडत हुतास तवा मला वाटायचं, तुला कायतरी चावलंय."

तो हसला नाही. पण तिच्या उशाशी बसला आणि त्याने म्हटलं. पुरं म्हटलं. श्रीनिवासचा हात तारेवरच थांबला, इतका तो आवाज स्वच्छ होता. इतकी वर्षं आमच्यात असून हा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. हा कुठे लपवून ठेवला होतास, असं मी जिन्यात विचारलं. "गावाकडं लई गायलोय," एवढंच उत्तर मिळालं.

गाणं रेकॉर्ड झालं, मोबाइलवर फिरलं आणि आमच्या हाताबाहेर गेलं. लोकांना ते प्रेमाचं गाणं वाटलं. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय, पाऊस येतोय, वगैरे. हळदीला वाजू लागलं. नवरी मांडवात येताना वाजू लागलं. एका नवरदेवाने त्याला भेटून सांगितलं, की माझं लग्न तुमच्या गाण्यामुळे जमलं. तो नुसता मान हलवत राहिला. मी बाजूलाच होतो. मला त्या नवरदेवाचा राग आला, आणि त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती म्हणून जास्तच आला.

मग आमच्या दुकानात एक काम आलं. आत्या राहायची त्याच भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. पुढाऱ्याचा मोठा फोटो, कार्यकर्त्यांचे छोटे फोटो आणि खाली आमच्या बँडचं नाव. कार्यक्रम श्रीनिवासने ठरवला होता. नवी जलवाहिनी आणतो असं दर निवडणुकीला सांगणारा हाच तो पुढारी. त्याच्या फ्लेक्सवर आपल्या मित्राचा फोटो मीच बसवला, कडा मऊ करून.

तो येणार नाही अशी माझी खात्री होती. पण आला, इस्त्रीचा शर्ट घालून. "साहेबासमोर म्हनायला मिळतंय तर म्हनू की," म्हणाला. त्याच्या मनात काय आहे ते तेव्हा मला कळलं नाही.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पुढाऱ्याने त्याला शाल घातली आणि असं गोड गाणं आपल्या भागात तयार झालं याचा अभिमान वाटतो म्हणून सांगितलं. तेव्हा तो माइकजवळ गेला.

"साहेब, ह्ये गाणं नळाचं हाय. आमची आत्या पाणी भरताना पडली, तिचं हाय."

आवाज नेहमीचा, काउंटरवरचा. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. पुढारी मनापासून हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वा! मग आत्यांसाठी पुन्हा एकदा होऊ दे."

खाली लोकांनी मोबाइलचे दिवे लावले. इम्रान माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मला वाटलं, आता हा तो जुना शब्द छातीतून काढणार. मी गिटारचा आवाज वाढवूनही ठेवला.

त्याने गाणं पुन्हा म्हटलं. सुरात, सगळं, "येऊ दे गं सर"सकट.

कार्यक्रमानंतर मी त्याला गाडीवरून सोडायला निघालो आणि वाटेत बडबडलो. तिथेच ओरडायचं होतंस, तीच वेळ होती, असं बरंच काही. त्याने गाडी थांबवायला लावली. फुटपाथवर बसून त्याने जे सांगितलं ते आधी कधीच सांगितलं नव्हतं. तो लहान असताना गावच्या चराईच्या रानाला कुंपण पडलं होतं. मेंढरं कुठं न्यायची हे विचारायला वडील त्याला घेऊन एका साहेबाकडे गेले. कुणीतरी म्हणालं, हा पोरगा छान गातो. साहेबाने गायला लावलं. कचेरीतली सगळी माणसं गोळा झाली, खूश झाली. बिस्किटाचा पुडा देऊन दोघांना वाटेला लावलं.

"कामाचं इचारायचं ऱ्हाऊनच गेलं," तो म्हणाला. "गोड लागलं की लोक ऐकत न्हाईत, नुसतं चाखत्यात. तवा पुडा मिळाला हुता, आज शाल."

"मग ओरडायचं होतंस की."

"वराडलो असतो तर म्हनले असते, पोराचा गळा बसलाय. आयतु."

त्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. काही महिन्यांनी कळलं, की आत्याला घेऊन तो टेंभुर्णीला गेला. तिथे चुलतभावाने उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर काम बघून दिलं होतं, आणि खोली तळमजल्यावर होती. बोअरला पाणी होतं. आत्यासाठी एवढं कारण पुरेसं होतं. मला मात्र ते पुरलं नाही. फोनवर मी तसं बोलूनही दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, "ये एकदा" म्हणाला.

मागच्या हंगामात गेलो. मनात होतं, की एक कार्यक्रम कर म्हणायचं, जुन्या पद्धतीने, जुन्या शब्दांनी. काट्याच्या खोलीत त्याने मला खुर्ची दिली आणि आत्याची खुशाली सांगितली. ती आता काठी धरून दारापर्यंत येते म्हणे. मग त्याच्या जागी आम्ही घेतलेल्या नव्या गायकाबद्दल विचारलं.

"सुरात हाय न्हवं?"

"आहे."

"मग बरं हाय," तो म्हणाला, आणि मी जे विचारायला गेलो होतो ते विचारायचं राहिलं.

तेवढ्यात काट्यावर ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर वजनावरून चिडला. खाली उतरून खिडकीवर मुठी आपटत तोंडाला येईल ते बोलू लागला. हा उठला. मी पुढे सरकून बसलो. त्याने खिडकी उघडली, ड्रायव्हरचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग काउंटरवरच्या त्याच आवाजात गाडी मागे घेऊन परत काट्यावर आणायला सांगितली. ट्रॅक्टरच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू आलं नाही. त्याने जाऊन इंजिन बंद केलं, परत खिडकीपाशी आला आणि कान पुढे केला.