लिनक्सवर पाणी दिसेना

मी जात्याच भित्री. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस होते, आणि एखाद्या मुलाने माऊस जरा जोरात आपटला तरी मी दचकायची. घरच्या मशीनवरचं विंडोज व्हायरसने खाल्लं तेव्हा मी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. लॅबमधल्या सरांना वाटलं, बाई फारच पुढे गेली. खरं कारण एवढंच की पुन्हा व्हायरस आला तर काय करायचं, या विचाराने मला झोप लागेना, आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही असं मासिकात लिहिलं होतं. लिनक्स आल्यावर वेगळी भीती सुरू झाली. काळ्या खिडकीत कमांड लिहून एंटर दाबलं की मशीन परत उठेल ना, म्हणून मी श्वास धरून बसायची.

आमचं घर भाट्याला, समुद्राची गाज घरात ऐकू येईल इतक्या अंतरावर. वडील आयुष्यभर मालवाहू बोटीवर होते आणि शेवटी घरातच, अंथरुणावर गेले. त्यांच्यामागून धाकटा भाऊ बोटीवर लागला. आमच्या घरात एक रीत होती, आजीच्याही आधीपासूनची. रजेवर आलेल्या माणसाला समुद्राबद्दल काही विचारायचं नाही. बोट कशी होती, वादळ लागलं का, परत कधी निघायचं, यातलं काहीच नाही. त्याने जेवावं, झोपावं, त्याची बॅग माळ्यावर जावी, बस्स. विचारलं की दर्या ऐकतो, असं आई म्हणायची. मला ते अगदी पटायचं. न विचारण्यात मला सुटल्यासारखं वाटायचं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, गणपती उरकल्यावर, भाऊ घरी आला. वाळला होता. बॅगेतून त्याने कुठल्याशा बंदरात घेतलेली एक सीडी काढली. जहाज चालवायचा खेळ होता, विंडोजवरचा.

"हा आपल्याकडे चालायचा नाही," मी म्हटलं.

"चालव की गं ताई. कॉलेजात हायस ना तू?"

लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवायला वाईन नावाचा एक प्रोग्राम मिळायचा. खेळ आणि लिनक्स या दोघांच्या मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून द्यायचं, एवढं त्याचं काम. माझ्याकडे त्याची जुनी आवृत्ती होती. मी खेळ टाकला, कमांड लिहिली, आणि काळ्या खिडकीत भराभर ओळी सरकायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तेच, फिक्समी, फिक्समी. मशीन कळवळून नीट करा म्हणतंय असं मला वाटलं. मग पडदा उजळला. जहाजाचा ब्रिज, म्हणजे सुकाणूची खोली, दिसली, काचेपलीकडे क्रेन, दीपस्तंभ, वर आकाश. फक्त पाणी नव्हतं. जहाजाखाली सगळं काळंकुट्ट होतं आणि त्या काळोखावर एवढं मोठं जहाज आपलं उभं. माझ्या अंगावर काटा आला.

भाऊ मात्र हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"याच्या ग्राफिक्सचं काहीतरी राहिलंय. मी बघते," मी म्हटलं.

"राहू दे. असंच बरा हाय."

त्या दिवसापासून तो जेवून उठला की कॉम्प्युटरपुढे बसायचा तो चहापर्यंत. जहाज धक्क्यापासून सोडवायचं, त्या काळोखातून हळूहळू न्यायचं, समोरच्या बंदराला लावायचं. पुन्हा सोडवायचं. धक्क्याला एकदाही ठोकर नाही. खोलीची पश्चिमेची खिडकी तो स्वतः उठून लावून घ्यायचा. खाऱ्या वाऱ्याने आतले भाग गंजतात, असं मीच त्याला सांगितलं होतं. मशीनची इतकी काळजी घेतोय म्हणून मला त्याचं कौतुक वाटायचं.

बाकी त्याचं वागणं जरा विचित्रच होतं. समुद्रावर एकदाही गेला नाही, घराबाहेर पडलाच तर मामाकडे, समुद्रापासून आत, पालीला. कॉलेजला जाताना मी त्याला स्कूटीवर मागे घ्यायची आणि बसस्टँडला सोडायची. खाडीवरचा भाट्याचा पूल आला की त्याचा हात माझ्या खांद्यावर इतका आवळायचा की दुखायचं. माझ्या गाडी चालवण्यावर त्याचा भरवसा नाही, असं मी धरून चालले आणि त्यावरून त्याला चिडवलंही. तो "हं" म्हणाला.

आईने यातून आपला अर्थ काढला. "बोटीत जीव हाय त्याचा," ती मला चुलीपाशी हळूच म्हणाली. "घरात करमत नाय. दिवसभर तीच बोट चालवत बसतोय बग." मलाही तसंच वाटलं. विचारायचं तर नव्हतंच. मग ज्याला विचारायचं नाही त्याच्या मनातलं ओळखून करायचं, ही आमच्या घराची दुसरी रीत. आईने बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटला फोन केला आणि पोराला लवकर बोटीवर घ्या म्हणून सांगितलं. एजंट खूश झाला. दिवाळीआधीच एक बोट निघणार होती. भावाला सांगितलं तेव्हा तो ताटातला भात चिवडत "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने माझं काळीज हललं. तो जाणार म्हटलं की माझं काळीज दर वेळी हलायचं, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"जायच्या आदी त्याला त्यात पानी तरी दाव," आई मला म्हणाली. "कोरड्या दर्यात काय बोट चालवतोय पोर."

मला ते पटलं. कॉलेजच्या इंटरनेटवर शोधलं तर वाईनची नवी आवृत्ती आली होती, आणि आमच्यासारख्या ग्राफिक्स कार्डावर आता पाणी दिसतं असं कुणी कुणी लिहिलं होतं. ती सीडीवर उतरवून घरी आणली. मशीनवर ती तयार करून बसवायला तास न् तास लागायचे, आणि मधे भारनियमन. वीज गेली की यूपीएस आपल्या बॅटरीवर मशीन थोडा वेळ चालू ठेवून टुँ टुँ करायला लागायचा, मी धावत जाऊन सगळं बंद करायची आणि वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. जुनं चालतंय तेही हातचं जाईल या भीतीने मी देवापुढे दिवा लावून बसले होते. खोटं नाही सांगत. शेवटी एका शनिवारी दुपारी काम झालं. मी भावाला हाक मारली. आईही हातातलं पाखडायचं सूप घेऊन दारात येऊन उभी राहिली.

पाणी आलं. आधी निळसर पट्टा, मग लाटा. आणि लाटा आल्या म्हणून जहाज हलायलाही लागलं. ब्रिजची काच वर जायची, नुसतं आकाश दिसायचं, मग खाली यायची आणि सगळा पडदा पाण्याने भरायचा. स्पीकरमधून लाटेचा आवाजही येत होता. मी टाळी वाजवणार होते.

तेवढ्यात भावाकडे लक्ष गेलं. त्याने दोन्ही पाय जमिनीवरून उचलून खुर्चीवर घेतले होते. गुडघे छातीशी. कीबोर्डवर हात नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"बंद कर, ताई."

मी एस्केप दाबलं. काही नाही. खेळाने पूर्ण पडदा व्यापलेला, बाहेर पडायची वाटच दिसेना. जे जे ठाऊक होतं ते सगळं दाबून बघितलं. आवाज अडकला आणि एकच लाट पुन्हा पुन्हा फुटायला लागली, चित्र मात्र चालूच. "बंद कर ना!" तो ओरडला. मला नेमकी कळच सापडेना. आईने सूप टाकलं. उभ्या जन्मात तिने त्या मशीनला हात लावला नव्हता, तिने भिंतीतला प्लग उपटला. यूपीएस टुँ टुँ करायला लागला आणि पाणी चालूच राहिलं. वर, खाली. आई हातातल्या प्लगकडे बघत राहिली. तिचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला अजून धडकी भरते. मी टेबलाखाली घुसले, चाचपत यूपीएसचं बटण शोधलं आणि दाबून धरलं.

मग घरात फक्त बाहेरची गाज उरली. भाऊ कानांवर हात ठेवून बसला होता.

"काय झाला रं?" आईने विचारलं. त्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

तो सांगायला लागला तो खुर्चीवरून पाय खाली न घेताच. वादळात डेकवरचं सामान सुटलं होतं, ते बांधायला हा आणि आणखी एक जण गेले होते. "मी त्याच्याकडंच बगत होतो, आये. बोलत होता माज्याशी. पानी डेकवरनं गेला आनि तो नव्हता. कॅप्टननं काळोख पडेपर्यंत बोट फिरवली. नाय गावला."

"कुठचा?"

"जयगडचा."

"त्याच्या घरी कोन जाऊन आला?"

"मी जानार होतो. त्याचा घर धक्क्यावर हाय." तो थांबला. "पानी दिसतंय तिथनं. स्टँडवर जयगडची गाडी लागते नि मी पालीच्या गाडीत बसतो."

मला रडू आलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. आमच्या वस्तीत बोटीवरच्या माणसाबद्दल सगळं बोललं जायचं. दारू पितो म्हणायचे, पैसे उडवतो म्हणायचे. तो भ्यायला, असं मात्र कुणी कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तो शिक्का एकदा बसला की बसलाच. नंतर कोण नोकरी देणार, कोण मुलगी देणार, हे सगळं माझ्या डोक्यात त्याच मिनिटाला फिरून गेलं.

आई उठून बाहेरच्या खोलीत गेली. फोन तिथे, दाराशी, आणि दार रस्त्यावर उघडं. समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. तिने एजंटचा नंबर फिरवला. मी मागोमाग धावले आणि हाताने खूण करू लागले, आजारी आहे म्हण, ताप आहे म्हण. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोर यायचा नाय," ती फोनवर म्हणाली. तिकडून एजंट चढ्या आवाजात बोलत होता, तो मलाही ऐकू येत होता. "आजारी नाय हो. भ्यायलाय. दर्याला भ्यायलाय तो."

ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. एजंट हसला असावा, कारण आईने रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला आणि पुन्हा जवळ घेतला. दुसऱ्या हाताने तिने दाराची चौकट धरली होती.

"हसताव कशाला?" ती म्हणाली. "त्याचा बाप बोटीवर होता तवापासून मी पन भ्यायलेलीच हाय. कुनी इचारलान नाय, म्हनून सांगितला नाय."