गवत म्हणून कापलेलं आयरिस

परवा, रविवारी, सकाळी बरोबर सव्वासात वाजता आमच्या कंपाउंडच्या मेंटेनन्सवाल्यांनी माझ्या भिंतीलगतचं आयरिसचं फुलझाड गवत समजून कापलं. वेळ नक्की सांगते आहे, कारण तेव्हा मी पोळ्या करत होते आणि खिडकीतून ते दिसताच हातात उलथनं घेऊन अनवाणी बाहेर धावले.

बँकेतून रिटायर झाल्यावर मी इथे दोहात मुलाकडे राहायला आले. शेजारच्या व्हिलात नादिया राहायची, मूळची अल्जीरियाची, फ्रेंचची शिक्षिका. कायमची मायदेशी परतताना तिने हे आयरिस मला दिलं. तिच्या आईच्या अंगणातलं, थंडीत फुलणारं.

इथली रेताड माती त्याला मानवली. उन्हाळ्यात एसीचं पाणी ठिबकेल तेवढ्यावर तगायचं बिचारं. फूल मात्र नाही... चार हिवाळे मी नुसती हिरवी झिपरी बघत होते.

मेंटेनन्सचा सुपरवायझर सुहास आपलाच, सांगलीकडचा.

“सुहास, काय केलंस हे?”

“काय झालं काकू? गवत तर हाय.”

“गवत? उद्या माझे पांढरे केस बघून कापूस म्हणून वेचशील!”

त्याच्यामागची माणसं हसली. तो नाही हसला.

“माझ्यावर कशाला चिडताय काकू? ऑर्डर हाय. वर्ल्ड कपला पावणे येणार, सगळ्या भिंती एकसारख्या पायजेत. पुढच्या रविवारी हितं टाइल्स बसणार. वर कुंड्यांत पेट्यूनिया.”

फुटबॉलच्या त्या वर्ल्ड कपला अजून जवळजवळ वर्ष आहे. सगळे रस्ते खणून झाले, आता माझी भिंत राहिली होती! माझ्या आयरिसमुळे कुठला संघ हरणार होता, देव जाणे.

काल सकाळी खुरपं घेऊन गेले. टाइल्सखाली गाडलं जाण्यापेक्षा उपटून कुंडीत लावू, जगलं तर जगलं. वाकले... आणि खुरपं हातातच राहिलं.

कापलेल्या खुंटांच्या मधोमध कळ्या होत्या. फिकट जांभळ्या, मिटलेल्या छत्रीसारख्या घट्ट गुंडाळलेल्या. पानं गुडघ्याएवढी वाढायची आणि कळ्या वीतभरही नाहीत, म्हणून कात्री त्यांच्या डोक्यावरून गेली होती.

आणखी आत बोटं घातली तर मातीलगत जुनी सुकलेली बोंडं हाताला लागली. बिया धरलेली. म्हणजे हे झाड याआधीही फुललं होतं... त्या पानांच्या आत, मला पत्ता न लागू देता.

नादियाला फोन लावला. ती इतकी हसली की मला रागच आला. “तू पानं कापलीच नाहीस? माझी आई थंडीच्या आधी सगळी कापून टाकते. हे काय सांगायचं असतं?” तिला सांगायचं सुचलं नाही, आणि वाढत्या झाडाला कात्री लावायची नाही या सासूबाईंच्या शिस्तीत मुरलेल्या मला विचारायचं सुचलं नाही.

एक कळी खुडून आत आणली आणि फुलपात्रात ठेवली. चहाला आधण ठेवून वळले, तर ती हलत होती. खरंच सांगते, हलत होती! एक पाकळी सुटली, मग दुसरी... आत पिवळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना शाईने ओढाव्यात तशा बारीक शिरा. मधासारखा हलका वास.

आधण आटून पातेलं करपलं, तरी मी जागची हलले नाही. जन्मभर उमललेली फुलं पाहिली, देवाला वाहिली, केसांत माळली. फूल उमलताना कधी पाहिलंच नव्हतं.

सुहासला हाक मारली. तो भिंतीशी उकिडवा बसला, खुंट बोटांनी बाजूला सारून आत डोकावला. मग म्हणाला, “आयला... काकू, मी ह्याच्यावर पाय दिला असंल की वो.” उठताना मात्र खरं ते बोलला. “टाइल्स थांबवणं माझ्या हातात न्हाई. हापिसला सांगा.”

सांगितलं. हाच मजकूर इंग्रजीत लिहून आज मॅनेजमेंटला मेल केला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेलं कडक इंग्रजी! भिंतीलगतची माझी दोन हात जागा टाइल्सखाली जाता कामा नये, आणि दर वर्षी थंडीच्या आधी पानं कापायला सुहासलाच पाठवावं, एवढंच मागितलंय. वर्ल्ड कपही थंडीतच आहे. येऊ देत पाहुणे... पेट्यूनिया त्यांना कुठेही दिसतील. इथे जो वाकेल, त्याला हे दिसेल.

उत्तर गुरुवारी दुपारी बारापर्यंत हवं. लेखी आणि सहीनिशी. नुसतं ‘इन्शाल्ला’ हे उत्तर धरलं जाणार नाही.