बीचचं कुंपण

इंग्लंडमधल्या घरापुढे आम्ही बीच नावाच्या झाडांचं कुंपण लावलं. हिवाळ्यात त्याची पानं वाळून तांबूस झाली, पण गळली नाहीत. गावाहून आलेले बाबा ती खुडू लागले. "मेलेलं कशाला ठेवायचं?"

शेजारच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या. छाटलेला बीच पालवी येईपर्यंत जुनी पानं सोडत नाही. आतल्या कोंबांना त्यांचा आडोसा असतो." मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"मग बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले.

डोळे अधू झाल्यावरही, मी पदवीधर होईपर्यंत बाबांनी शिलाई मशीन सोडलं नव्हतं. जपणं असंही दिसतं, वाळलेलं, वाऱ्यात खुळखुळणारं.

वसंतात कोवळी पानं फुटली, जुनी गळाली. बाबांनी ती झाडून कुंपणाच्याच बुडाशी पसरली.