साखळीतलं हाताने लिहिलेलं पान

अक्कांचं पान साखळीतून काढायचं ठरलं, ते इतक्या सभ्यपणे ठरलं की हा अन्याय आहे हे मला दोनदा वाचल्यावर कळलं. "सध्याचा प्रतिसाद पाहता" अशी त्या ईमेलची सुरुवात होती आणि "आपल्या योगदानाबद्दल सदैव ऋणी" असा शेवट. मी नागपूरला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यापासून फीवाढीपर्यंत सगळ्यावर पत्रकं लिहिली होती. एखाद्याला हाकलायचं असलं की लोकांची भाषा किती गोड होते, हे मला चांगलं माहीत होतं.

ही साखळी म्हणजे काय, ते आधी सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ब्लॉग हा शब्द अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता. इंटरनेटवर थोडी जागा फुकट मिळायची, तिथे आम्ही बंगळूरमधली काही मराठी मंडळी आपापलं पान चालवायचो. कुणी प्रवासाचं लिहायचं, कुणी पाककृती, मी अर्थातच तक्रारी. प्रत्येक पानाच्या तळाशी "पुढचं पान" अशी कळ असायची. ती दाबत गेलं की एकेक करत सगळी पानं फिरून वाचक पुन्हा पहिल्या पानावर यायचा. त्यामुळे एकाचा वाचक सगळ्यांना मिळायचा. साखळी सांभाळायचं काम पुण्याहून आलेल्या एका साहेबांकडे होतं. महादेवपुऱ्याला राहायचे, मोठ्या कंपनीत होते, स्वभावाने वाईट नव्हते. फक्त त्यांना सगळं नीटनेटकं लागायचं, आणि ज्या पानावर कोणी फिरकत नाही ते पान त्यांना फुटलेल्या कपासारखं खुपायचं.

अक्का आमच्यात वयाने सगळ्यात मोठ्या. माहेर निपाणीकडचं, पण लग्नानंतर सगळा संसार बंगळुरातच झालेला. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात त्या यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायच्या. आयुष्यभर शाईने अचूक रेघा मारलेला हात, त्यामुळे अक्षर असं की बघत राहावं. आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचो. अक्का कागदावर लिहायच्या, तिथल्या वरिष्ठांना विचारून कारखान्याच्या स्कॅनरवर त्याचं चित्र करायच्या आणि ते चित्र पानावर चढवायच्या. दर सोमवारी एक नवं. लिहायच्या त्यांच्या गल्लीबद्दल. तिथे अर्धी गल्ली कानडी बोलायची, अर्धी मराठी, आणि भांडण दोन्ही भाषांत एकदम व्हायचं.

पहिलं वर्षभर त्यांच्यासारखी लोकप्रियता कुणालाच नव्हती. गेस्टबुक म्हणजे पानावरची अभिप्रायाची जागा, ती भरून वाहायची. मुंबई-पुण्याहून नुकतीच आलेली, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी, सांबार-भाताला वैतागलेली पोरं-पोरी त्यांना लांबलचक लिहायची. मग हळूहळू ते थांबलं. विनोदांचं एक पान साखळीत नवीन आलं होतं, सगळी गर्दी तिकडे. अक्कांच्या पानाखाली महिनाभरात माझाच काय तो अभिप्राय, आणि तोही मीच लिहिलाय हे त्यांना अक्षरावरून नाही तरी आवेशावरून कळायचं.

साहेबांचा ईमेल आला त्या दिवशी मी त्यांना ऑफिसातून फोन लावला.

"काढायला ते काय भाड्याचं घर आहे?"

"अगं, तसं नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांशी बोलूनच ठरवू. पण वाचक अक्कांच्या पानावर येऊन अडकतात, पुढे जातच नाहीत. त्याचा बाकीच्यांना तोटा होतो."

"बाकीच्यांना वाचक कोणी आणून दिले होते? वर्षभर अक्कांच्या जिवावर आमची पानं वाचली गेली."

"तू फार भावनिक होतेस."

"मी चिडलेय. चिडणं वेगळं असतं."

फोन ठेवला आणि मला जे येत होतं ते मी केलं. निवेदन लिहिलं. "आम्ही खाली सही करणारे वाचक" अशी झणझणीत सुरुवात करून. शनिवारी माझ्या खोलीतल्या मुली, त्यांच्या मैत्रिणी आणि हाताला लागतील ते सहकारी गोळा करून एका सायबर कॅफेत नेलं, आणि एकेकाला एकाच संगणकासमोर बसवून तेच निवेदन अक्कांच्या गेस्टबुकात घालायला लावलं. खाली नाव आणि गाव. कॉलेजात सह्यांची मोहीम अशीच चालते. मजकूर एक, सह्या अनेक.

सोमवारी साहेबांचं उत्तर आलं. सगळे अभिप्राय एकाच संगणकावरून, एकाच दुपारी, स्वल्पविरामासकट सारखे आले आहेत, तरी याचा विचार व्हावा. सोबत एक नमस्कार.

अक्कांकडे मात्र त्याहून वाईट झालं. मी त्यांच्या घरी गेले तर दार उघडून त्या आत वळल्या.

"ये. बस. मी वारलेय असं वाटलं बघ मला."

"काय बोलताय अक्का?"

"मग काय की. 'त्यांचे लेखन समाजाला दिशा देणारे आहे.' 'त्यांचे लेखन समाजाला दिशा देणारे आहे.' खाली परत तेच. शोकसभेत ठराव वाचतात तसं. मी गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यावर लिहिते गं, कुठली दिशा देते मी?"

"पाठिंबा दाखवायला नको का?"

"ह्यातल्या कुणी वाचलंय माझं?"

अक्कांनी कॉफीचा पेला समोर ठेवला.

"तू काहून असं करून राहिली गं?" त्यांनी माझी नागपुरी नक्कल केली आणि पहिल्यांदा हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हे बघ. लोकांना कंटाळा आला असेल तर आला. सरी, ठीक आहे. पुढच्या बैठकीला येते, सगळ्यांबरोबर चहा घेते आणि पान बंद करते. त्यांनी काढण्याआधी आपणच निघालेलं बरं. पण एकट्यानं भिंतीशी बोलल्यासारखं लिहायला मला जमत नाही. तेव्हा लिहिणंही बंदच."

पान गेलं असतं तर मी दुसरीकडे लावून दिलं असतं. लिहिणं बंद, हे मात्र मी ऐकून घेणार नव्हते.

निवेदन बाजूला ठेवलं आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. लोकांना विचारलं. आमच्या ऑफिसात एक मुंबईचा मुलगा होता, जो एके काळी अक्कांना पानपानभर लिहायचा. त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"का रे, कंटाळलास का अक्कांना?"

"कंटाळलो कोण म्हणालं? उघडत नाही यार ते."

"म्हणजे?"

"ऑफिसच्या मशीनवर बाहेरची चित्रं दिसणं बंद केलंय ना. आणि त्यांचं सगळं चित्रच. कॅफेत बसलो तर वरून एकेक पट्टी खाली उतरते. मथळा येतो, अर्धी ओळ येते आणि लाइन जाते. मग बाजूचं विनोदांचं उघडतो. ते टाइप केलेलं, झटकन येतं."

आणखी चार जणांना विचारलं, तर चौघांचं हेच रडगाणं. मी त्यांचे कागद त्यांच्या घरीच वाचायचे, म्हणून मला हे कधी दिसलंच नव्हतं. म्हणजे वाचक अक्कांना सोडून गेलेच नव्हते. ते दाराशी उभे राहून कंटाळून परतत होते, आणि आम्ही शहाणे आत बसून त्यांना आवडेनासं झालं म्हणत होतो.

"टाइप करा," मी अक्कांना म्हटलं.

"इंग्रजी अक्षरांत? माझा हातच चालत नाही. करून बघितलं होतं. स्वल्प लिहिलं की वाटतं बाजारातली यादी करतेय."

तो विषय तिथेच मिटला. मग मी विचार केला की मला काय येतं? पत्रक वाटता येतं. आणि पत्रक वाटणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चालत्या माणसाच्या हातात कागद दिला तर तो पुढच्या कोपऱ्यावर टाकतो. बसलेल्या, अडकलेल्या, दुसरं काही करायला नसलेल्या माणसाजवळ तो कागद ठेवावा लागतो. आणि आमच्या कंपनीची बस रोज सकाळी शहरातून निघून पार पूर्वेला जायची. माणसं निम्मी झोपलेली, निम्मी खिडकीतून खड्डे बघणारी.

"सोमवारचा मजकूर झेरॉक्स करून बसच्या सीटवर ठेवायचा," मी सांगितलं. "पण अर्धाच. उरलेला पानावर."

"अर्धा?" अक्कांचा चेहरा बदलला. "पोरी, ते काय केळ आहे मोडून द्यायला?"

"माणूस पहिल्या ओळीसाठी थांबत नाही, अक्का. शेवट कळला नसला की थांबतो. मग येऊ देत पट्टी-पट्टी. बसतील बघत."

त्या आठवड्याचा मजकूर शेवग्याच्या झाडाचा होता. गल्लीतल्या दोन घरांमध्ये एक भिंत. झाड कानडी घराचं, शेंगांनी लगडलेली फांदी मराठी घराच्या अंगणात. शेंगा कोणाच्या, यावरून दोन्ही घरांतल्या बायका आपापल्या भाषेत भांडतात आणि एकमेकींचा शब्दन् शब्द समजतात. मी तो मधोमध कापला आणि खाली लिहिलं, "वाचा आणि विचार करा."

अक्कांनी माझी ओळ खोडली. "विचार कशाला करायला लावतेस सकाळी सकाळी?" मग डोळे बारीक करून कागदावरून बोट फिरवलं आणि बरंच खाली थांबवलं. कानडी घराचा मालक इतका वेळ गप्प होता, तो आत जातो आणि कोयता घेऊन बाहेर येतो. "इथं तोड," त्या म्हणाल्या.

सोमवारी पहाटेच मी बसमध्ये चढले आणि प्रत्येक सीटवर एकेक कागद ठेवला. घडी अशी की पहिली ओळ वर दिसावी. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनी कागद शेजाऱ्याला दिला. मग शांतता पसरली. मला पत्रकांमुळे आरडाओरडा ऐकायची सवय होती, या शांततेचं काय करावं ते कळेना. बस कंपनीच्या फाटकात शिरली तेव्हा मागून आवाज आला, "अरे, पुढे काय? कोयत्याचं काय झालं?" शेजारच्या बिहारी मुलाने हिंदीत विचारलं की कसला कोयता, तर त्यालाही पूर्ण गोष्ट सांगावी लागली.

संध्याकाळी अक्कांच्या गेस्टबुकात माणसं होती. खरी, वेगवेगळी, वेगवेगळ्या ठिकाणांहून. एकाने लिहिलं होतं की कॅफेवाल्याला सांगून पान लावून ठेवलं, खाली जाऊन चहा पिऊन आलो, मग वाचलं. दुसरीने लिहिलं होतं की असं मध्येच तोडणाऱ्याला माझ्या ताब्यात द्या.

पुढच्या सोमवारी मुंबईच्या मुलाने त्याच्या भावाच्या कंपनीच्या बससाठी शेवग्यापासूनचे कागद मागून नेले. मग बोम्मसंद्र्याकडे जाणाऱ्या बसमध्ये अक्का स्वतःच ठेवू लागल्या. एका सोमवारी मला ताप होता आणि कागद पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरने मला पायरीवरच अडवलं. "एनम्मा, पेपर इल्वा?" म्हणजे काय गं, कागद नाही का. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. कागद असला की मागे कोणी त्याला एसीवरून बोलत नाही, एवढंच त्याला हवं होतं.

बैठकीचा रविवार आला. महादेवपुऱ्याला साहेबांच्या घरी दुपारी चहा-पोहे. मी पिशवीत भाषण लिहूनच नेलं होतं, मुद्देसूद. अक्का साडी नेसून, नेहमीसारख्या शांत. साहेब घसा साफ करून "तर मग अक्कांच्या पानाबाबत" म्हणाले, तोच त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "त्या शेवग्यावाल्या अक्का ह्याच का?"

साहेब थोडे अवघडले.

"आमच्या कंपनीच्या बसमध्ये येतो तो कागद," वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "पुढच्या सगळ्यांचे शेवट ऑफिसात कुणी ना कुणी सांगितले, पण त्या पहिल्याचा राहिलाय. ह्यांना किती वेळा म्हटलं उघडून द्या, तर म्हणतात वेळ लागतो. काय झालं हो, मारामारी झाली का?"

"पानावर आहे," अक्का म्हणाल्या. "सावकाश येतं. स्वल्प थांबावं लागेल."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. साहेबांनी उठून संगणक लावला, फोनची तार जोडली. मोडेम किंचाळला. विनोदांच्या पानवाल्यासकट सगळी मंडळी खुर्च्या ओढून मागे उभी राहिली. वरून पहिली पट्टी उतरली. अक्कांचं अक्षर, काळंभोर. जेवढं दिसेल तेवढं वहिनी मोठ्याने वाचायच्या आणि थांबायच्या. सगळे त्यांच्याबरोबर थांबायचे. मालक कोयता घेऊन येतो. गल्ली श्वास रोखते. पट्टी. तो फांदीवरच्या सगळ्या शेंगा तोडतो. पट्टी. त्यांची मोळी बांधतो आणि भिंतीवरून पलीकडच्या बाईच्या हातात देतो. पट्टी. म्हणतो, आमच्या घरी सांबार पाणचट होतं, हे हिला सांगायची माझी हिंमत नाही, तुम्हीच करा, आम्ही जेवायला येतो. आणि जेवताना भांडण पहिल्यापासून पुन्हा सुरू.

खोली हसण्याने भरली. वहिनींनी डोळे पुसले. अक्का आपल्या पोह्यांकडे बघत होत्या, कान मात्र लाल झाले होते.

"पुढच्या सोमवारी काय?" विनोदांच्या पानवाल्याने विचारलं.

"अजून लिहायचंय," अक्का म्हणाल्या. "पाण्याच्या टँकरचं डोक्यात आहे."

साहेब दुसऱ्या विषयाकडे वळू बघत होते. कार्यक्रमपत्रिकेवर पुढे दिवाळी अंकाचं होतं. इतर कोणी असतं तर तिथेच सोडून दिलं असतं. मी हात वर केला.

"आधीचा विषय संपला नाही. अक्कांचं पान काढायचं का?"

"अगं, आता तो प्रश्नच राहिला नाही."

"ईमेल आला होता. उत्तरही व्हायला हवं."

"नाही काढायचं," ते पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

अक्कांनी माझी ओढणी खेचली, "पुरे की गं." मी बसले नाही. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, बायकोकडे जरा जास्त वेळ, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "अक्कांचं पान साखळीत राहील." मग मी बसले आणि माझे थंड झालेले पोहे सगळे संपवले.