रणगाड्याची लोंबलेली साखळी

उचगावात आमच्या गल्लीत कुणाकडं काय शिजतंय हे वासावरून कळतं. पण भावकूअण्णा पडवीत पडदा लावून काय कोरतोय, ते कुणाला कळेना. कुणी म्हणालं देव्हारा, कुणी म्हणालं पाळणा. निघाला लाकडी रणगाडा! पहिल्या महायुद्धातला, तिरकस अंगाचा, पोटाखालून पाठीवर साखळी फिरणारा.

"अण्णा, ह्यो रणगाडा व्हय? चेपलेला डबा दिसतोय की," असं गल्लीनं त्याला ऐकवलं.

भावकूनं मच्छेच्या फाउंड्रीत जन्मभर लाकडी पॅटर्न केले. त्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यात लोखंड ओतायचं. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात थरथरायचा. रणगाडा जमला तर हात अजून आपला. नाहीतर हत्यारांची पेटी परशराम सुताराला देऊन मोकळं व्हायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

रणगाड्याचा कागदी नकाशा लाकडावर चिकटवून कापलेलं अंग बरोबर उतरलं. मग मोजपट्टीनं मापून त्यानं लाकडी कड्या कापल्या, ओवल्या आणि साखळी चढवली. ती म्हशीच्या दाव्यासारखी पोटाखाली लोंबली. पेटी घेऊन जा, असा निरोप भावकूनं परशरामला धाडला.

त्याची बायको मंगल गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवते. तिनं साखळी बोटांवरून सरकवली.

"अवं, हात थरथरला आसता तर एक कडी मोठी, एक बारकी झाली आसती. ह्या समद्या सारख्याच चुकल्यात."

भावकूनं कड्या सोडवून त्यांची चळत रचली आणि कडेनं वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. कुठं अडलं नाही. त्यानं पुन्हा फिरवलं. मग त्याचं लक्ष मोजपट्टीकडं गेलं. ती फाउंड्रीतली होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचे आकडेच जरा लांब-लांब असतात, कापलेलं थोडं मोठंच भरतं. इथं ओतायचं काहीच नव्हतं, हे ध्यानातच आलं नव्हतं, असं त्यानं मंगलला सांगितलं.

तेवढ्यात परशराम पोतं घेऊन हजर.

"कुठाय पेटी, अण्णा?"

"हाय की माझ्याजवळ."

"मग मला कशाला बलिवलंसा?"

"च्या प्यायला," मंगल आतून म्हणाली. "आन् च्या हुईस्तवर कोपऱ्यावरच्या दुकानातनं शाळंतल्या पोरांची असती तसली एक पट्टी आणून द्या. ह्यास्नी समद्या कड्या परत करायच्या हाईत."