डोन्या नोल्फाची काळी रेघ

आमच्या टेकडीवर भिंत रंगवायची रीत ठरलेली आहे. एक जण कोळशाने आकार काढतो, आम्ही बाकीच्या बाया रंग भरतो आणि सगळ्यात शेवटी डोन्या नोल्फा आकाराभोवती जाड काळी रेघ ओढते. रंग भरताना आमच्या हातून झालेली सगळी पापं त्या रेघेखाली झाकली जातात. मी तीस वर्षं पापं करतेय, म्हणून सांगते.

आम्ही तिला मानाने डोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतो. नोल्फा तोंडाने फटकळ, पण हाताने स्थिर. आयुष्यभर बंदरावर मासे साफ केले तिने. तिची मुलगी मिरेया एकोणीस वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली. पोरीचा एकच फोटो होता, तोही टेकडीला आग लागली तेव्हा घराबरोबर जळाला. तेव्हापासून नोल्फाच्या मनात एकच भीती बसली होती, की एक दिवस आपण पोरीचा चेहरा विसरू.

म्हणून पायऱ्यांजवळच्या भिंतीवर आम्ही मिरेया काढायला घेतली. कोळसा आमच्या रंगारी ओस्वाल्दोच्या हातात आणि मागे नोल्फा उभी.

"हे नाक तुझ्या सासूचं आहे. पूस."

"डोन्या, नाकासारखं नाक आहे."

"पूस म्हटलं ना."

सात वेळा पुसलं. आठव्या वेळी ती काहीच बोलली नाही, तेव्हा जमलं असं आम्ही समजलो.

अकरा वर्षं ती भिंत सुखात होती. मग नगरपालिकेला आमची टेकडी सुंदर करायची हुक्की आली. रस्त्याकडच्या सगळ्या भिंती सायीच्या रंगाच्या होणार, फक्त नामवंत माणसांची चित्रं राहणार. नोल्फा कचेरीत गेली, मला घेऊन. ती चिडली की शिव्या देते आणि मी चिडले की रडते. दोघी मिळून एक धड बाई होते.

साहेब बारिएन्तोस वयाने लहान होता आणि वागायला नम्र. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

"चित्रातल्या बाईंचं कार्य काय?" त्याने विचारलं.

"लाँड्रीत इस्त्री करायची."

"म्हणजे, समाजासाठी काही?"

"शर्ट समाजाचेच होते, बाळा."

तो हसला, पण अर्जातला रकाना रिकामाच राहिला.

माणसं डबे घेऊन आली तेव्हा आम्ही भिंतीपुढे उभं राहायला तयार होतो. नोल्फानेच अडवलं. "त्यांना मुकादम आहे, घरी पोरंबाळं आहेत. त्यांना कशाला त्रास?" चेहरा शेवटी घ्या, एवढंच तिने सांगितलं. त्यांनी तसंच केलं. रंगाचे दोन हात दिले. ती पायरीवर बसून शेवटपर्यंत बघत होती.

पुढे दोन आठवडे ती घराबाहेर पडली नाही. मी पाव नेऊन द्यायची, तो तसाच वाळायचा. एकदा म्हणाली, "एल्सिरा, आज डोळे मिटले तर तिचं नाक आठवेना गं." मी रडले, दुसरं काय येतं मला.

मग ऊन तापलं. एका सकाळी पाववाली एदुविना सांगत आली की भिंतीला काहीतरी होतंय. जाऊन बघतो तर सायीच्या रंगातून तपकिरी भुवई वर आलेली. दुपारपर्यंत हनुवटी आली.

वर येत होती ती नोल्फाने ओढलेली रेघ, म्हणून आम्ही तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"काळा रंग समुद्राच्या धुक्याने उडायचा," ती म्हणाली. "म्हणून मी छपराचं डांबर घेते. रॉकेल घालून पातळ करते."

"तीस वर्षं?" ओस्वाल्दोने कपाळाला हात लावला. "डोन्या, डांबरावर कुठलाच रंग ठरत नाही. खालून वर येतं ते. शिकाऊ रंगारीसुद्धा ही चूक करणार नाही."

"मी कुठे रंगारी आहे? मी मासेवाली."

नगरपालिकेने आणखी एक हात दिला. आठवड्यात मिरेया परत हजर. तिसऱ्या खेपेला बारिएन्तोस एकटाच आला आणि बराच वेळ भिंतीपुढे उभा राहिला. "माझ्या कागदावर भिंत रंगवली असं लिहिलंय," तो म्हणाला. "आता तिला डाग पडले तर मी काय करणार?" नोल्फाने त्याला चहा दिला. दोन पाव खाऊन गेला. त्या दिवशी मी त्याला माफ केलं.

ओस्वाल्दोने लगेच रंगांचे डबे काढले. आम्ही ब्रश घेऊन धावलो. नोल्फा भिंतीच्या अगदी जवळ गेली. डांबर पसरलं होतं. डोळ्यांच्या कडांना बारीक फाटे फुटले होते, ओठांच्या कोपऱ्यांतून रेघा खाली उतरल्या होत्या, गाल थोडे ओघळले होते.

"रंग भरू नका," ती म्हणाली.

"अगं, पण अशी जुनाट दिसतेय ती," मी म्हटलं.

"दिसणारच. यंदा बेचाळीसची झाली असती." नोल्फा तिच्याकडे बघतच राहिली. "माझ्यावर गेलीय की गं पोरगी."